दहाला एक्केचाळीस

मामा काहीही बोलायच्या आधी "तसं बघायला गेलं तर" म्हणतो. भूक लागली का विचारलं तर म्हणेल, "तसं बघायला गेलं तर लागलीये, आणि तसं बघायला गेलं तर नाहीही." हे म्हणताना त्याची मान आधी डावीकडे कलते, मग उजवीकडे, आणि शेवटी तराजूच्या काट्यासारखी मधोमध येऊन थांबते. मग तो आपल्याकडेच बघत बसतो, जणू वजन आपणच सांगायचं.

लहानपणी त्याला कुणीतरी विचारलं होतं, आई जास्त आवडते की बाबा? तो म्हणाला, "दोन्ही." त्यात विशेष काही नाही, सगळीच पोरं तसं म्हणतात. पण पुढे विचारलं, खिडकीपाशी बसतोस की दारापाशी? "दोन्ही." आधी अंघोळ की आधी अभ्यास? "दोन्ही." तेव्हापासून घरात, गल्लीत आणि आता कारखान्यातसुद्धा त्याचं नाव दोन्ही. मामी म्हणते, "लग्नाला हो म्हणायला यानं इतका वेळ लावला, की शेवटी दोघांच्या वतीनं मीच हो म्हणून टाकलं."

मामा सिमेंटचे पाइप बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअरकीपर आहे. त्याच्याकडे एक जुनी पिकअप आहे आणि तिलाही दोन नोकऱ्या. आठवडाभर ती मामाला आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांना घेऊन सरळसोट हायवेनं कारखान्यात जाते. रविवारी गावाबाहेरच्या तळ्यावर. तिथे एक बोट क्लब आहे. हंगाम संपत आला की होड्या पाण्याबाहेर काढतात, आणि काँक्रीटच्या उतारावरून ट्रेलरसकट त्या वर ओढायचं काम मामा हौसेनं करतो. हौस कसली, तर तो पोचला की क्लबातलं कुणीतरी ओरडतं, "आलं बघा आपलं इंजिन!" कारखान्यात दिवसभर "दोन्हीसाहेब, वॉशर संपले" ऐकणाऱ्या माणसाला हे वाक्य आठवडाभर पुरतं.

पण गेल्या वर्षापासून उतारावर गाडी धापा टाकायला लागली. क्लचचा जळका वास यायचा आणि लोक नाकाला रुमाल लावायचे. म्हणून मामा आईकडे आला.

आई म्हणजे माझी आई, मामाची मोठी बहीण. ती गाड्या दुरुस्त करते. आमचं घर वर आणि गॅरेज खाली. काम करताना ती ओठांत एखादा नट धरून बोलते, त्यामुळे तिची वाक्यं आखूड असतात आणि 'प', 'ब', 'म' नीट ऐकू येत नाहीत. आमच्या घरात सगळ्यांना ते कळतं.

"काही बिघडलेलं नाही," गाडीखालून तिचा आवाज आला. "तुझा रेशोच हायवेचा आहे."

मग तिनं समजावलं. मागच्या दोन चाकांच्या मधे लोखंडी गोळा असतो, त्यात दोन गिअर. छोटा पिनियन, मोठा क्राउन. सगळा खेळ त्यांच्या दातांचा.

"तुझ्यात तेराला त्रेचाळीस आहे. पिनियन सव्वातीन वेळा फिरला की चाक एकदा फिरतं. हायवेला झकास. इंजिन निवांत, डिझेल कमी. पण ओढायला जोर नाही."

"आणि जोराचा कुठला?"

"दहाला एक्केचाळीस. चार फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. हत्तीसारखी ओढेल. हायवेला मात्र बोंबलत जाईल."

मामाची मान डावीकडे गेली, उजवीकडे गेली. आईनं ते बघितलं आणि म्हणाली, "मधलाही मिळतो. अकराला एक्केचाळीस. थोडं हे, थोडं ते. तुझ्यासाठीच बनवलाय बघ."

कुणालाही वाटेल, प्रश्न सुटला. पण मामाचं तोंड पडलं. "नाही गं ताई. मधला म्हणजे तसं बघायला गेलं तर दोन्ही नाहीत. इकडे अर्धा, तिकडे अर्धा. मला दोन्ही पूर्ण हवेत."

"मग दोन गाड्या घे."

मामा गाडीभोवती एक फेरी मारून आला. चेहरा असा, की आता जगाचं भलं होणार. "आपली गाडी फोर-व्हील आहे ना? म्हणजे पुढेही एक गोळा आहे. मागे दहाला एक्केचाळीस घाल. पुढे आहे तोच राहू दे. मागचा ओढायला, पुढचा ऑफिसला!"

आईच्या ओठांतला नट खाली पडला. घरंगळत तो ड्रेनच्या जाळीपर्यंत गेला. "अरे शहाण्या," ती पहिल्यांदाच स्वच्छ 'अ' ते 'ज्ञ' बोलली, "फोर-व्हीलचा लिव्हर लावलास की पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जखडली जातात. पुढची म्हणणार पळा, मागची म्हणणार दमानं घ्या. त्यांच्या भांडणात काहीतरी तुटणार. बदलायचे तर दोन्ही गोळे बदल, नाहीतर एकालाही हात लावू नकोस."

आता 'दोन्ही' म्हटल्यावर हा माणूस खूश व्हायला हवा होता. पण नाही. दोन्ही गोळे बदलले म्हणजे तेराला त्रेचाळीस कायमचा गेला, आणि कायमचं काही गेलं की मामाला घाम फुटतो. शेवटी ठरलं असं, की आत्ता फक्त मागचा बदलायचा, आठवडाभर हायवेला आवाज किती येतो ते मामानं बघायचं, आणि मग पुढचा. पुढच्याचा सेट आईनं फळीवर काढूनच ठेवला. आणि गाडी देताना तिनं फोर-व्हीलच्या लिव्हरला एक लाल चिंधी गुंडाळून घट्ट गाठ मारली.

"पुढचा बदलेपर्यंत याला हात नाही."

"ताई, मी काय लहान आहे?"

"लहान असतास तर बरं होतं. कान पकडला असता."

तो आठवडा मामाच्या सहकाऱ्यांनी कसा काढला ते मी ऐकून आहे, कारण त्यातल्या अकाउंटंटबाई आमच्या शेजारी राहतात आणि प्रत्येक गोष्ट इन्व्हॉइस वाचल्यासारखी सांगतात. "इंजिनाचा आवाज, बेसुमार. बोलणं, अशक्य. वेग, शंकास्पद." दुसरा सहकारी वेल्डर. तो गाडीत बसला की झोपतो, पण आता इंजिनाच्या बोंबेनं तोही डोळे उघडायला लागला. त्यात स्पीडचा काटा. आईनं सांगितलं होतं की रेशो बदलल्यानं काटा जास्त दाखवेल, पुढचा बदलला की तोही नीट करू. मामा विसरला.

"शंभरानं चाललोय," मामा ओरडून म्हणाला.

"असं का," अकाउंटंटबाई ओरडल्या. "मग आत्ता आपल्याला मागे टाकून गेली ती पावाची गाडी कितीनं चालली होती?"

रविवारी तळ्यावर आईही आली. एरवी ती येत नाही. पण क्लबचा सतत बंद पडणारा जुना ट्रॅक्टर आणि सगळे ट्रेलर यांच्या देखभालीचं वर्षभराचं काम कुणाला तरी द्यायचं होतं, आणि आईचं नाव मामानंच मॅनेजरना सुचवलं होतं. मॅनेजरना तिचं काम बघायचं होतं. आईनं नखांतलं काळं ब्रशनं घासून काढलं होतं आणि कामाचा नेहमीचा निळा झगा न घालता कोरा घातला होता. त्याच्या घड्या अजून मोडायच्या होत्या. वाटेत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मधेच एकदा म्हणाली, "ट्रॅक्टरला शेड आहे का रे तिथे?" म्हणजे मनातल्या मनात तिनं काम सुरूही केलं होतं.

मॅनेजर सूचनाफलकासारखे बोलतात. त्यांच्या वाक्यात माणूसच नसतो. "येण्यात आलं का? बरं. आज डॉक्टरांची होडी काढण्यात येईल."

डॉक्टर म्हणजे दातांचे. ते प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत, कारण त्यांच्या पेशंटांच्या तोंडात नेहमी काहीतरी असतं. "काय, नवीन गिअर? दात किती? किडलेले नाहीत ना?" आणि स्वतःच हसले.

डॉक्टरांची होडी छपराची, जड. मामानं ट्रेलर पाण्यात घातला, होडी वर चढवून बांधली, आणि गाडी पुढे घेतली. मागची चाकं शेवाळावर होती. जोर तर आता हत्तीचा, पण पायाखाली लोणी. चाकं जागच्या जागी गरगरली आणि हिरवं पाणी थेट डॉक्टरांच्या पांढऱ्या बुटांवर उडालं.

"थांब," आई म्हणाली. "वजन कमी पडतंय. मागे चार माणसं बसव, येईल वर."

चार माणसं बसव! ज्याला सगळे इंजिन म्हणतात, त्यानं काय "या हो, बसा हो" करत माणसं गोळा करायची? मामा नुसता घुटमळला. तेवढ्यात गर्दीतल्या कुणीतरी विचारलं, "फोर-व्हील आहे ना ती? की नुसतं स्टिकर लावलंय?"

मोठा हशा पिकला.

मी पुढच्या सीटवर होते. मामाचे कान लाल झालेले मला दिसले. त्यानं लिव्हरवरची चिंधी सोडायला घेतली. आईची गाठ ती, सुटेना, म्हणून त्यानं दातानं ओढली.

"मामा, आई म्हणाली होती..."

"तसं बघायला गेलं तर एकदाच," तो म्हणाला आणि लिव्हर ढकलला.

पुढची चाकं कोरड्या काँक्रीटवर होती. ती पळायला निघाली, मागची येईनात. गाडी वीतभर पुढे सरकली, कुत्र्याच्या पिल्लासारखी कुंई कुंई केली, अंगभर थरथरली, आणि खालून आवाज आला, खाट्! मग काहीतरी लोखंडी लोंबकळून जमिनीला लागलं.

लोक वाकून गाडीखाली बघायला लागले. मामा उतरला. मॅनेजर म्हणाले, "काय झालं म्हणायचं?"

मामाची मान डावीकडे गेली. तिथे डॉक्टर. उजवीकडे गेली. तिथे आई. आणि या वेळी ती मधोमध परत आलीच नाही.

"गिअरचं काम आत्ताच झालंय," मामा म्हणाला. "ताईनंच केलंय. कच्चं राहिलंय काहीतरी."

मामाच्या तोंडून इतकं सरळ, एका दमातलं वाक्य मी कधीच ऐकलं नव्हतं. 'तसं बघायला' नाही, काही नाही. नेमकं तेच खोटं होतं.

आईनं खिडकीतून लिव्हरकडे बघितलं. मग मामाच्या मुठीकडे. मुठीतून चिंधीचं लाल टोक बाहेर आलं होतं. तिनं तोंड उघडलं, आणि मला म्हणाली, "पान्यांची पिशवी दे."

कोरा झगा घालून ती ओल्या उतारावर गाडीखाली सरकली. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, तुटला होता. तिनं तो शाफ्टच काढून बाजूला ठेवला. उठली तेव्हा पाठ हिरवी झाली होती. "आता मागे बसा सगळे," ती म्हणाली. डॉक्टर बसले, स्टिकरवाला बसला, मॅनेजर बसले, म्हणजे बसण्यात आलं. मामानं गाडी हळूच उचलली आणि होडी, ट्रेलर, सगळी मंडळी, एकेक वीत करत वर आली. त्याच कच्च्या दहाला एक्केचाळीसवर. पण हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते, आणि त्या मामासाठी होत्या.

मॅनेजर आईला म्हणाले, "कामाबद्दल कळवण्यात येईल." अगदी तसंच, जसं पाटीवर लिहिलंय, पोहण्यास मनाई आहे.

परतताना मी दोघांच्या मधे. अर्ध्या वाटेत आईनं स्पीडच्या काट्याकडे बोट केलं. "याच्यावर जाऊ नकोस. तो खोटं सांगतोय." ती खरंच काट्याबद्दलच बोलत होती. पण मामानं ॲक्सिलरेटरवरचा पायच काढला.

त्यानंतर मामा गॅरेजवरून जायचाच बंद झाला. कारखान्याची वाट आमच्या दारावरूनच जाते, पण तो मागच्या बोळातून, लाकडाच्या वखारीला वळसा घालून जायला लागला. आम्हाला दिसत नव्हता, ऐकू मात्र यायचा. ते इंजिन लपतंय होय. आई गाडीखालून म्हणायची, "वखारीकडून गेला," आणि पुन्हा कामाला लागायची.

त्यात मामीनं कपडे धुतले. पँटच्या खिशात ती लाल चिंधी तशीच होती. तिचा रंग गेला आणि मामाचे ऑफिसचे सगळे पांढरे शर्ट गुलाबी झाले. मामी चिंधी चिमटीत धरून म्हणाली, "हे काय रत्न?"

"काही नाही."

"काही नाही तर फेकू?"

"नको."

"मग काहीतरी आहे." तिनं ती दोरीवर वाळत घातली, बरोबर जेवणाच्या टेबलासमोर. मामा तिच्याकडे पाठ करून जेवायचा.

गुलाबी शर्टात तो रोज गाडी चालवायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. वेल्डर जागा होऊन म्हणाला, "कुठे समारंभ आहे का?" अकाउंटंटबाई म्हणाल्या, "काय हो दोन्हीसाहेब, हल्ली हेही नाही आणि तेही नाही?" आईला त्यांनी नंतर सांगितलं, "मी गंमत केली. तर हा माणूस रडेल की काय असं झालं. मी पुढे आख्खा रस्ता खिडकीबाहेरचे खांब मोजले."

एका संध्याकाळी तो आला. गाडी लांब लावून, पायी. गॅरेजच्या दारात गुलाबी शर्टात उभा. आई टायर बसवत होती. तिनं वर बघितलं नाही.

"ताई," तो म्हणाला. "तसं बघायला गेलं तर चूक माझीच आहे."

"हं."

"पण तसं बघायला गेलं तर... तू नुसती चिंधी बांधलीस. तार बांधली असतीस, तर सुटली नसती. म्हणजे मी असं म्हणत नाही, की..."

आपण काय बोललो ते त्याला स्वतःलाच ऐकू गेलं असावं. वाक्य अर्धंच राहिलं. त्यानं खाली बघितलं, आणि खाली बघितलं की गुलाबी शर्टच दिसायचा, म्हणून मग भिंतीकडे बघितलं. भिंतीला खुंटीवर आईचा तो कोरा झगा होता. पाठीवरचे हिरवे डाग गेले नव्हते.

आईनं ओठांतला नट काढून हातात घेतला. "मला कशाला सांगतोस? गाठ मीच मारली होती. कुणी सोडली ते मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना जाऊन सांग."

"तिथे? सगळ्यांसमोर?"

"त्या दिवशी कुणासमोर बोललास?"

रविवारी मामा निघाला. आई म्हणाली, मला काम आहे. मामी म्हणाली, मला लाज वाटते. म्हणून बरोबर मीच गेले. मामानं चिंधी खिशात घेतली होती आणि वाटेत तीनतीनदा चाचपत होता.

"आलं बघा आपलं इंजिन!" कुणीतरी ओरडलं. मामानं हात वर केला नाही. उतारावर सगळे होते, डॉक्टर नवे बूट घालून, मॅनेजर हातात शिट्टी घेऊन, स्टिकरवालाही. मामा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तसं बघायला..." तो म्हणाला, आणि थांबला. मान डावीकडे जायला निघाली होती. त्यानं अक्षरशः हातानं गाल धरून ती थांबवली. लोकांना वाटलं दात दुखतोय. डॉक्टर पुढे सरसावले, "कुठला? वरचा? खालचा?"

"दात नाही," मामा म्हणाला. त्यानं चिंधी बाहेर काढली. "ही ताईनं लिव्हरला बांधली होती. फोर-व्हील लावू नकोस म्हणून बजावलं होतं. पुढचा गिअर बदलायचा राहिला होता, तो माझ्यामुळे. चिंधी मी सोडली. मोडलं ते माझ्यामुळे. तिचं काम पक्कं आहे. त्या दिवशी तुम्ही सगळे तिच्याच कामावर बसून वर आलात. मी खोटं बोललो."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी विचारलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?" आणि आयुष्यात पहिल्यांदाच उत्तराची वाट बघत थांबले. मामा चिंधीची घडी करत राहिला, अर्धी, मग पाव, मग आणखी लहान.

मॅनेजर खोकले. "काम दुसरीकडे देण्यात आलं आहे. वर्षभरासाठी."

"बदलता नाही येणार?"

मॅनेजरांनी शिट्टी या हातातून त्या हातात घेतली. आणि प्रथमच त्यांच्या वाक्यात माणूस आला. "मी शब्द दिलाय हो त्यांना," ते म्हणाले. "तुमच्याच बोलण्यावरून दिला."

मामानं त्या दिवशी एकही होडी ओढली नाही.

गॅरेजमध्ये आई हात पुसत उभी होती. "सांगितलं," मामा म्हणाला.

"बरं."

"काम गेलं, ताई."

"माहीत आहे. त्या दुसऱ्या गॅरेजवाल्याचाच फोन आला होता. ट्रेलरला बेअरिंग कुठलं बसतं विचारत होता."

"तू सांगितलंस?"

"सांगितलं. होड्यांनी माझं काय वाकडं केलंय?"

मामा स्टुलावर बसला. आईनं हात पुसलेलं फडकं खांद्यावर टाकलं. मग विचारलं, "पुढे काय घालू? की मागचा काढून होता तोच परत बसवू? तेराला त्रेचाळीस अजून ठेवलाय मी."

मी त्याच्या मानेकडे बघत होते. ती हलली नाही.

"दहाला एक्केचाळीस."

"रोज बोंबलेल हायवेला."

"बोंबलू दे."

"शर्ट काढून ठेव मग. घाण होईल."

"याचं आता काय व्हायचं राहिलंय," मामा म्हणाला आणि गुलाबी बाह्या वर सरकवून गाडीखाली शिरला. आईनं ओठांत नट धरला. फळीवरचा सेट मीच काढून दिला.

आता काटा खरं सांगतो, चारही चाकं एकमेकांचं ऐकतात, आणि मामा पुन्हा आमच्या दारावरून जातो. लिव्हरवर ती चिंधी मात्र त्यानं परत बांधली आहे. आता तिचं काही काम नाही, लिव्हर हवा तेव्हा लावता येतो. गाडीत नवं कुणी बसलं की हमखास विचारतं, हे काय बांधलंय? मग अकाउंटंटबाई खिडकीची काच वर करतात, वेल्डर डोळे मिटतो, आणि मामा पहिल्यापासून सगळं सांगतो, "कच्चं राहिलंय काहीतरी" हे वाक्यसुद्धा न गाळता. त्या इंजिनाच्या बोंबेत ते हळू आवाजात सांगताच येत नाही. ओरडूनच सांगावं लागतं.